उणे ४० मध्ये संसार थाटायचा तर कुठे? अतिथंड शहरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुलना नेमकी कोणत्या ठिकाणांची?

जिथे माणसं वर्षभर बिऱ्हाड करून राहतात, पोरं शाळेत जातात, दवाखाना आहे, भाजी मिळते, अशाच ठिकाणांची. त्यामुळे अंटार्क्टिका पहिल्याच फेरीत बाद. व्होस्तोक तळावर २१ जुलै १९८३ रोजी उणे ८९.२ अंशांची नोंद झाली हे खरं, पण तिथे कुणी भाड्यानं खोली घेत नाही. भारताच्या मैत्री आणि भारती तळांवरही माणसं मुदतीवर जातात आणि परत येतात. उरली ती रशियातलं याकुत्स्क, अलास्कातलं फेअरबँक्स, कॅनडातली यलोनाइफ आणि विनिपेग, मंगोलियाची राजधानी उलानबातर, चीनमधलं हार्बिन आणि नॉर्वेचं ट्रॉम्सो. लेह-द्रासबद्दल पुढे वेगळा प्रश्न आहे. सगळी तापमानं सेल्सियसमध्ये. (उणे ४० ला मात्र विचारायची गरज नाही, सेल्सियस आणि फॅरनहाइट दोन्ही तिथे एकच आकडा दाखवतात.)

यात सगळ्यात थंड कोण?

मोठ्या शहरांत याकुत्स्क, आणि दुसऱ्या नंबराशी बरंच अंतर राखून. जानेवारीची सरासरी उणे ३७ ते ३९. सरासरी म्हणजे दिवस-रात्र धरून. याच प्रदेशातल्या ओयम्याकोन गावात ६ फेब्रुवारी १९३३ रोजी उणे ६७.७ नोंदले गेले. त्याच प्रदेशातल्या व्हर्खोयान्स्कची १८९२ मधली नोंद उणे ६७.८. त्याच व्हर्खोयान्स्कमध्ये २० जून २०२० रोजी पारा अधिक ३८ ला गेला होता. एकाच गावात शंभराहून जास्त अंशांचा फरक.

बाकीच्यांची जानेवारीची सरासरी साधारण अशी: यलोनाइफ उणे २५-२६, फेअरबँक्स आणि उलानबातर उणे २२ च्या आगेमागे, हार्बिन उणे १८, विनिपेग उणे १६-१७, ट्रॉम्सो फक्त उणे ४. हे आकडे बघून लगेच ट्रॉम्सोचं तिकीट काढू नका.

पारा जितका खाली तितकं राहणं अवघड, असंच ना?

नाही. या विषयातला सगळ्यात मोठा गैरसमज हाच. शरीराला पाऱ्याइतकाच, कधी कधी पाऱ्याहून जास्त, त्रास वारा देतो. त्वचेला लागून हवेचा एक पातळ उबदार थर असतो. वारा तो थर सतत उडवून नेतो आणि शरीर पुन्हा पुन्हा नवी हवा तापवत बसतं. हवामान खातं 'विंड चिल' म्हणून जो आकडा देतं तो याचाच हिशेब.

कॅनडात वापरतात त्या सूत्रानं काढून बघा. हवा उणे २० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल तर उघड्या गालाला उणे ३३ असल्यासारखं लागतं. हवा उणे ३० पण वारा ताशी जेमतेम ५ किलोमीटर असेल, तर उणे ३६. म्हणजे दहा अंशांचा फरक वाऱ्यानं जवळजवळ खाऊन टाकला. विनिपेग सपाट माळावर आहे आणि तिथे वारा हा रोजचाच. फेअरबँक्स आणि याकुत्स्क दोन्ही खोलगट भागात आहेत, तिथे कडाक्याच्या थंडीत झाडाचं पानसुद्धा हलत नाही. त्यामुळे फेअरबँक्सच्या उणे ३० मध्ये दुकानापर्यंत चालत जाणारा माणूस विनिपेगच्या उणे २० मध्ये पाठ फिरवून उलटा चालताना दिसला तर नवल वाटू नये.

आणखी एक. विंड चिल फक्त जिवंत, उबदार शरीरासाठी. गाडीच्या रेडिएटरला, नळाला, बॅटरीला तो लागू नाही. वाऱ्यानं त्या वस्तू लवकर गार होतात, पण हवेच्या तापमानाच्या खाली जात नाहीत.

उणे १५, उणे ३०, उणे ४५: एवढ्या थंडीत फरक तरी काय कळतो?

कळतो, आणि चांगलाच. निफाडचा पारा ५ अंशांवर आला किंवा महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की आपल्याकडे पहिल्या पानावर बातमी येते. ती थंडी आणि ही थंडी एका पट्टीवर मोजताच येत नाही.

उणे १५ च्या आसपास श्वास आत घेताना नाकातले केस एकमेकांना चिकटतात आणि बाहेर सोडताना सुटतात. पायाखालचा बर्फ थर्माकोलसारखा कुरकुरतो. उणे २५ ला पापण्यांवर आणि मिश्यांवर पांढरं दव धरतं, चष्म्याची धातूची काडी कानशिलाला चटका दिल्यासारखी लागते. उणे ३५ ला हातमोजा काढून किल्लीनं कुलूप उघडायला लागणारा अर्धा मिनिटही लांब वाटतो. बोटं आधी दुखतात, मग दुखायची थांबतात, आणि हे थांबणंच वाईट. उणे ४० ला प्लास्टिकची बादली हातातून पडली तर काचेसारखी फुटते. रेक्झिनचं जाकीट कोपरात तडकतं. भारतातून नेलेल्या स्पोर्ट्स शूजचा तळवा लाकडासारखा कडक होऊन घसरायला लागतो. उणे ५० च्या खाली श्वासातली वाफ तिथल्या तिथे गोठते आणि कानाजवळ बारीक सळसळ ऐकू येते. याकुतियात या आवाजाला 'ताऱ्यांची कुजबुज' म्हणतात. थंडीला एवढं छान नाव देणारी माणसं तिथेच जन्मलेली असणार.

घरात कुडकुडत बसावं लागतं का?

उलट आहे. नाशकात बाहेर ८ अंश असताना घरात १५-१६ असतात, फरशी गार, खिडक्यांच्या फटीतून वारा, अंगावर शाल. विनिपेगमध्ये बाहेर उणे ३० असताना घरात २१ असतात आणि माणसं टी-शर्टवर वावरतात. याकुत्स्कच्या फ्लॅटमध्ये तर अनेकदा २५, घर तापवणाऱ्या गरम पाण्याचं नियंत्रण शहराच्या मध्यवर्ती केंद्राकडे असल्यानं उकडलं की लोक खिडकीची छोटी झडप उघडतात. थंड प्रदेशातला माणूस पुण्यात डिसेंबरात आला की घरात जास्त गारठतो, ही थट्टा नाही.

घरातला खरा त्रास कोरडेपणाचा. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे १७ ग्रॅम बाष्प मावतं, उणे ३० च्या हवेत अर्धा ग्रॅमही नाही. तीच बाहेरची हवा आत घेऊन तापवली की आर्द्रता ३ टक्क्यांच्याही खाली येते. माणसांचे श्वास, स्वयंपाक, आंघोळ यांनी ती थोडी वाढते, तरी ओठ फाटतात, नाकातून रक्त येतं, दाराच्या कडीला हात लावला की टचकन झटका बसतो, लाकडी पाट-पोळपाट तडकतात. ह्युमिडिफायर, म्हणजे हवेत ओलावा सोडणारं यंत्र, घ्यावा, पण मनसोक्त चालवू नये. बाहेर उणे २० असेल तर घरातली आर्द्रता ३० टक्क्यांच्या पुढे नेऊ नका, उणे ३० ला २० टक्क्यांच्या आसपासच ठेवा. नाहीतर जादा बाष्प खिडकीच्या काचेवर साचून गोठतं, चौकट भिजते आणि मार्चमध्ये तिथे काळी बुरशी दिसते. मराठी स्वयंपाकघरात हे लवकर होतं. वरण, भात, कुकरच्या शिट्ट्या, सगळी वाफच. चूल पेटायच्या आधी एक्झॉस्ट लावा आणि नंतर दहा मिनिटं चालू ठेवा. फोडणी घालताना बाहेरची जाकिटं बंद कपाटात असू द्या. पिसांच्या जाकिटात लसणाचा वास बसला की एप्रिलपर्यंत तो तुमच्याबरोबर बसमध्ये फिरतो.

घर बघताना काय तपासायचं?

गावानुसार वेगळं.

विनिपेगमध्ये घराला तळघर असतं आणि गॅसची भट्टी, म्हणजे फर्नेस, तिथेच असते. नव्या जातीच्या फर्नेसची हवा आत-बाहेर करणारी प्लास्टिकची नळी बाहेरच्या भिंतीतून निघते. वादळानंतर ती बर्फानं बुजली किंवा तोंडाशी दव गोठून अरुंद झाली की फर्नेस आपोआप बंद पडते. रात्री दोनला घर गार पडलं तर मेकॅनिकला फोन करायच्या आधी बाहेर जाऊन ती नळी बघा. त्यानंतर फिल्टर. तो महिना-दोन महिन्यांनी बदलला नाही तरी हेच होतं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या खोलीजवळ हवाच, त्यात कसर नको.

विनिपेगचे पाण्याचे नळ जमिनीखाली दोन मीटरहून खोल असतात, तरी फार कडक हिवाळ्यात गारठा तिथवर पोचतो. २०१४ मध्ये असंच होऊन अनेक घरांचं पाणी बंद झालं होतं आणि नगरपालिकेनं धोका असलेल्या घरांना पेन्सिलीएवढी बारीक धार दिवसरात्र चालू ठेवायला सांगितलं होतं. वाहतं पाणी गोठायला वेळ लागतो. गंमत म्हणजे हे संकट मार्च-एप्रिलमध्येही येतं, कारण गारठा जमिनीत हळूहळू उतरतो आणि वर बर्फ वितळत असताना खाली अजून पुढे सरकत असतो.

याकुत्स्क कायम गोठलेल्या जमिनीवर आहे. उन्हाळ्यात वरचा दीड-दोन मीटरचा थरच विरघळतो. इमारती काँक्रीटच्या खांबांवर उचललेल्या असतात आणि खाली माणूस वाकून जाईल एवढी मोकळी जागा सोडतात, म्हणजे घराची ऊब जमिनीला लागत नाही. घर बघायला गेलात तर आधी या खालच्या जागेत डोकवा. तिथे गरम पाण्याचा पाइप गळत असेल, बर्फाचा ढीग किंवा डबकं असेल, तर जमीन विरघळते, खांब बसतात आणि वर भिंतीला तिरप्या चिरा पडतात. पहिल्या मजल्याची फरशी थंड असते, दुसरा-तिसरा मजला घ्यावा.

फेअरबँक्समध्ये कायम गोठलेली जमीन सगळीकडे नाही, तुकड्या-तुकड्यांनी आहे. दक्षिणेकडे तोंड असलेला उतार निवडा. तिथे ऊन लागतं, जमीन बहुधा टणक असते, आणि थंड हवा जड असल्यानं दरीत साचते, त्यामुळे टेकडीवरचं घर खालच्या गावापेक्षा दहा अंशांनीसुद्धा गरम असू शकतं. उत्तरेकडचा उतार स्वस्त मिळेल, कारण उघड आहे. तिथे 'ड्राय केबिन' नावाचा प्रकार सर्रास भाड्यानं मिळतो: वीज आहे, शेगडी आहे, नळ नाही. पाणी कॅनमधून आणायचं, संडास बाहेर. विद्यार्थी आनंदानं राहतात. लहान मूल असलेल्या कुटुंबानं भाडं बघून भुलू नये.

कपडे किती आणि कोणते?

जाड एक नको, पातळ तीन हवेत. अंगाला लागून मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टरचा थर, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, बाहेर वारा अडवणारं, ढुंगणाखाली जाणारं पिसांचं जाकीट. सुती बनियन आणि सुती मोजे हाच घोटाळ्याचा उगम. सूत घाम धरून ठेवतं आणि ओलं कापड अंगाची ऊब भराभर ओढून नेतं. बसमध्ये किंवा दुकानात २२ अंश असतात, तिथे शिरल्याबरोबर जाकिटाची चेन उघडा. आत घामेजलेला माणूस बाहेर येऊन पाच मिनिटांत हुडहुडी भरून उभा राहतो तो याचमुळे.

हातांना पाच बोटांचे मोजे उणे १५ पर्यंत पुरतात. पुढे बोटं एकत्र राहतील असे पिशवीसारखे मोजे घ्या, आत पातळ बोटांचे मोजे घातले की फोन हाताळता येतो. बूट एक साइज मोठे. दोन जोड मोजे कोंबून बूट घट्ट झाला तर रक्त अडतं आणि पाय जास्त गार पडतो. बुटाचं आतलं नमद्याचं अस्तर रोज रात्री बाहेर काढून वाळवायचं. बुटावर छापलेलं 'उणे ४० पर्यंत' हे कंपनीचं म्हणणं समजा, उभं राहणाऱ्याला आणि चालणाऱ्याला ते सारखं लागू पडत नाही. याकुत्स्कमध्ये रेनडिअरच्या पायाच्या कातडीचे 'उंटी' बूट वापरतात. महाग आहेत, पण उणे ५० ला बसची वाट पाहायची असेल तर त्यांना तोड नाही.

कानातल्या धातूच्या रिंगा, नथ, जोडवी बाहेर जाताना काढून ठेवलेली बरी. मंगळसूत्र आतल्या थराखाली असेल तर काही होत नाही.

हिमदंश झालाय हे कसं ओळखायचं आणि काय करायचं?

कॅनडाच्या हवामान खात्याचा ठोकताळा लक्षात ठेवा. विंड चिल उणे २८ ते ३९ असेल तर उघडी त्वचा १० ते ३० मिनिटांत गोठू शकते, उणे ४० ते ४७ ला ५ ते १० मिनिटांत, उणे ५५ च्या खाली दोन मिनिटांच्या आत.

सुरुवात नाकाचा शेंडा, गालाची हाडं, कानाच्या पाळ्या आणि बोटांच्या टोकांपासून. आधी टोचतं, मुंग्या येतात, मग बधिर होतं. त्वचा पांढरी किंवा मेणासारखी दिसते, सावळ्या त्वचेवर राखाडी छटा येते आणि ती पटकन नजरेत भरत नाही. म्हणून दोघं असाल तर दर काही मिनिटांनी एकमेकांचे चेहरे बघा. तुमचं नाक पांढरं पडलेलं तुम्हाला दिसत नाही.

आत या. ओले कपडे, अंगठ्या काढा. तो भाग ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात, म्हणजे कोपराला कोमट लागेल अशा पाण्यात, अर्धा तास बुडवा. पाणी गार होत जातं, मध्ये मध्ये गरम मिसळत राहा. चोळू नका. बर्फानं चोळायचा जुना उपाय तर मुळीच नको, आत गोठलेले कण पेशी फाडतात. हीटर किंवा शेगडीपुढे धरू नका, बधिर त्वचेला भाजलेलं कळत नाही. पुन्हा थंडीत चालत जावं लागणार असेल तर वितळवूच नका, एकदा वितळून परत गोठलेलं बोट वाचवणं फार कठीण. फोड आले, रंग काळा-निळा झाला, स्पर्श परत आला नाही, तर थेट दवाखाना.

कुडकुडणारा माणूस अचानक कुडकुडायचा थांबला, बोलताना अडखळू लागला, गुंड्या लावता येईनात, तर शरीराचं आतलं तापमान ३५ च्या खाली गेलंय असं धरा. रुग्णवाहिका बोलवा, आडवं झोपवा, छाती-पोटाला ऊब द्या. ब्रँडी पाजू नका. दारूनं त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुलतात, माणसाला गरम वाटतं आणि आतली ऊब बाहेर निघून जाते.

फुप्फुसं गोठतात का?

नाही. नाका-घशातून जाईपर्यंत हवा तापते. मात्र दमा असेल तर थंड कोरड्या हवेनं श्वासनलिका आवळतात. तोंडावरून मफलर घ्या, नाकानं श्वास घ्या, उणे २० च्या खाली धावायचा हट्ट सोडा.

गाडी सकाळी सुरू होईल का?

तयारी असेल तर होईल. बिघाड कुठे होतो ते आधी समजून घ्या. इंजिन ऑइल काकवीसारखं घट्ट होतं. त्याच वेळी बॅटरीची ताकद उणे १८ ला जवळजवळ निम्मी राहते. म्हणजे ढकलायचं जास्त, ढकलणारा कमजोर. उपाय: ० डब्ल्यू २० किंवा ० डब्ल्यू ३० जातीचं सिंथेटिक ऑइल, चांगली बॅटरी आणि ब्लॉक हीटर. हा हीटर इंजिनला आतून ऊब देतो, त्याची वायर गाडीच्या पुढच्या जाळीतून लोंबत असते आणि ती रात्री साध्या प्लगला लावतात. रात्रभर लावायची गरज नसते, निघायच्या तीन-चार तास आधी टायमरनं चालू झाला तरी पुरे. बॅटरी उतरू देऊ नका. भरलेली बॅटरी उणे ५० लाही टिकते, पूर्ण उतरलेली उणे १० च्या आतच गोठून फुगते.

कूलंटमध्ये पाणी आणि ग्लायकॉल (गोठणं लांबवणारं द्रव) निम्मं-निम्मं असेल तर ते उणे ३७ पर्यंत पुरतं. फेअरबँक्स-याकुत्स्कला ग्लायकॉल ६० टक्के लागतं. शंभर टक्के टाकू नका, शुद्ध ग्लायकॉल उणे १३ च्या आसपासच गोठतं. हे ऐकून लोक चक्रावतात. काचेवर फवारायचं पाणी 'उणे ४०' लिहिलेलंच घ्या. इंधनाची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. २० अंशांत ३२ पीएसआय भरलेल्या टायरमध्ये उणे ३० ला २४ च उरतात, हवा गळाली नाही, आकसली. रात्रभर उभी राहिलेली गाडी पहिला अर्धा किलोमीटर धडधडते, कारण टायरचा खालचा भाग चपटा होऊन तसाच कडक झालेला असतो. थोडं हळू चालवलं की गोल होतो.

याकुत्स्कमध्ये लोक गाडीच्या काचांवर दुसरी काच चिकटवतात, इंजिनवर गोधडी घालतात, गरम गॅरेज भाड्यानं घेतात. ते नसलं तर कित्येक जण इंजिन बंदच करत नाहीत. डिझेल गाडी घ्यायचीच असेल तर ध्रुवीय प्रदेशासाठीचं डिझेल मिळतं का बघा, साध्या डिझेलमध्ये मेणाचे कण धरतात आणि फिल्टर तुंबतो.

गाडीत कायम ठेवा: गोधडी, जादा मोजे, फावडं, वाळूची पिशवी, टॉर्च, डब्यात उभी मेणबत्ती आणि काडेपेटी, खायला चिक्की. रस्त्यात अडकलात तर गाडी सोडून चालू लागू नका. तासाला दहा मिनिटं इंजिन चालवा, त्याआधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढा आणि एक काच बोटभर उघडी ठेवा.

अंधाराचं काय?

याला लोक कमी लेखतात आणि मग फेब्रुवारीत खचतात. २१-२२ डिसेंबरला पुण्यात भर दुपारी सूर्य ४८ अंश वर असतो. विनिपेगमध्ये जेमतेम १७ अंश, पण दिवस आठ तासांचा. याकुत्स्क आणि यलोनाइफला दिवस पाच तासांचा, सूर्य चार-पाच अंशांवर, म्हणजे शेजारच्या इमारतीमागेच. फेअरबँक्सला पावणेचार तासांहून थोडा कमी. ट्रॉम्सोला २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी सूर्य उगवतच नाही, दुपारी दोन-तीन तास निळसर उजेड असतो.

ट्रॉम्सोचा हिवाळा पाऱ्यानं सौम्य, पण ओला. बर्फ पडतो, पाऊस पडतो, परत गोठतो. रस्ता काचेसारखा. तिथे जाड जाकिटापेक्षा बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे आधी घ्या. आमच्या मते सह्याद्रीच्या उन्हात वाढलेल्या माणसाला उणे ३० चं लख्ख ऊन उणे ३ च्या अंधाऱ्या चिखलापेक्षा सोसतं. ड जीवनसत्त्वाची तपासणी मात्र सगळीकडेच करून घ्या, सावळ्या त्वचेला ते तयार करायला जास्त ऊन लागतं.

हवा तर स्वच्छ असेल ना?

हाच मोठा धक्का. वारा नसला की थंड हवा खाली बसते, वर गरम हवेचं झाकण, आणि धूर मध्ये कोंडतो. उलानबातरमध्ये शहराच्या कडेनं गेर, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूंच्या वस्त्या आहेत आणि तिथे कोळशाच्या शेगड्या पेटतात. २०१९ मध्ये कच्च्या कोळशावर बंदी घालून दाबलेल्या कोळशाच्या विटा आणल्या, तरी हिवाळ्यातली हवा लहान मुलांसाठी वाईटच. फेअरबँक्समध्ये लाकडाच्या शेगड्यांचा धूर साचतो आणि उणे ३५ च्या खाली गाड्यांच्या धुरातली वाफ गोठून दाट धुकं होतं, पुढच्या गाडीचे दिवे दिसत नाहीत. शांत थंडी हवी तर ही किंमत आहे. विनिपेगचा वारा गालाला बोचतो, पण हवा धुऊन नेतो.

लेह-द्रासची थंडी याच जातीची का?

पूर्ण नाही. लेहला जानेवारीत रात्री उणे १३-१४ पर्यंत जातं, द्रासला बरंच खाली. पण लेह ३,५०० मीटरवर आहे, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के. तिथे दम लागतो, झोप लागत नाही, पहिले दोन दिवस नुसती विश्रांती घ्यावी लागते. याकुत्स्क किंवा विनिपेगमध्ये हा भाग नाहीच. बदल्यात लेहला डिसेंबरातही ऊन ३२ अंश वर असतं, दुपारी भिंतीला टेकून बसता येतं. मात्र घरभर तापवायची सोय सगळ्यांकडे नसते, बुखारीची, म्हणजे लोखंडी शेगडीची, एक खोली उबदार आणि बाकी घर गोठलेलं. लडाखचा हिवाळा काढलेल्या जवानाला विनिपेगचा हिवाळा घरात बसून हसू येण्याइतका सोपा वाटेल.

स्वालबार्डला व्हिसा लागत नाही म्हणे?

स्वालबार्ड म्हणजे उत्तर ध्रुवाकडचा नॉर्वेचा बेटसमूह. १९२० च्या करारामुळे तिथे राहायला व्हिसा लागत नाही, हे बरोबर. पण विमान नॉर्वेतून जातं, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतोच, आणि परत यायचं असतं म्हणून दोनदा प्रवेशाचा. तिथे सरकारी मदत नाही. पोट भरायची सोय नसेल तर गव्हर्नर परत पाठवू शकतो. सूर्य २६ ऑक्टोबर ते १५ फेब्रुवारी गायब. बाळंतपणासाठी मुख्य भूमीवर जावं लागतं. वस्तीबाहेर पांढरी अस्वलं.

इडली-दही-भाकरीचं कसं?

ज्वारी-नाचणीचं पीठ विनिपेगच्या भारतीय दुकानांत मिळतं, याकुत्स्कला भरून न्यावं लागेल. इडलीचं पीठ ओट्यावर ठेवलं तर दोन दिवसांतही फुगत नाही. ओव्हन बंद ठेवून फक्त आतला दिवा लावा आणि भांडं रात्रभर आत ठेवा. दही तसंच. (ओव्हनवर चिठ्ठी चिकटवा, नाहीतर सकाळी कुणीतरी तो तापवतं.) खोबरेल तेल २४ अंशांखाली गोठतं, तेव्हा बाटली नको, रुंद तोंडाचा डबा घ्या. बाल्कनी हा फुकटचा फ्रीझर आहे. याकुत्स्कच्या बाजारात मासे उघड्यावर काठीसारखे उभे करून विकतात आणि गोठलेलेच पातळ तासून खातात. दूध मात्र बाहेर ठेवू नका, फुटतं.

उन्हाळा तरी बरा का?

छान, पण डासांचा. याकुत्स्क आणि विनिपेगला जुलैची सरासरी २० च्या जवळ, मध्येच ३५. फेअरबँक्स आणि याकुत्स्कला वणव्यांचा धूर येतो.

मग शेवटी कुठे राहावं?

फक्त शरीराला सोसण्याचा विचार केला तर यलोनाइफ: कडक पण कोरडी थंडी, मोकळी हवा. पण गाव वीस हजारांचं, सगळं महाग, मोठ्या आजाराला विमानानं दक्षिणेत जावं लागतं. एकटा, धडधाकट, गाडी दुरुस्त करता येणारा माणूस फेअरबँक्समध्ये रमेल. याकुत्स्क बघायला जरूर जावं. राहायला रशियन यायला हवी, आणि लेना नदीवर शहराजवळ पूल नसल्यानं हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून गाड्या जातात, उन्हाळ्यात फेरीबोट, आणि बर्फ धरताना-फुटताना काही आठवडे धड दोन्ही नाही, तेव्हा भाजीचे भाव चढतात. हार्बिनला थंडी सोसवेल, भाषा येत नसेल तर बाकी काही नाही. उलानबातर लहान मुलांसाठी नको.

नोकरी, शाळा, दवाखाना, वाणी, चार मराठी घरं हे सगळं धरून आमचं मत विनिपेगकडे. वारा वैताग देतो, पण घरं आणि बस या थंडीसाठीच बांधलेल्या आहेत. शहराच्या मध्यभागी इमारती बंदिस्त पुलांनी जोडल्यात. शाळेत विंड चिल उणे २७-२८ झाला की मधली सुट्टी आत होते. याकुत्स्कला लहान वर्गांना सुट्टी मिळायला उणे ४५ उजाडावं लागतं.

पहिल्यांदा कोणत्या महिन्यात जावं?

ऑगस्ट किंवा सप्टेंबरात. थंडी टप्प्याटप्प्यानं येते आणि कपडे तिथेच घेता येतात. मुंबईच्या दुकानातलं 'हिमालयन' जाकीट घेऊन सामानाचं वजन वाढवू नका. जानेवारीतच जावं लागलं तर गरम जाकीट, कानटोपी, हातमोजे आणि बंद बूट हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नाही. टोरांटोला विमान बदलताना ती बॅग मागे राहिली, तर विनिपेगच्या विमानतळाच्या दारापासून टॅक्सीपर्यंतचे शंभर पावलं तुम्ही सुती शर्टावर चालणार आहात.